कागदावर आई एकच का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत दोघी जणी जोडप्यासारख्या राहतात. त्यांची लहान मुलगी एकीला आई म्हणते, दुसरीला अम्मा. परवा कळलं की मुलगी दत्तक आहे आणि कागदोपत्री ती फक्त आईची. अम्माचा तिच्यावर कायद्याने काहीच हक्क नाही, हे खरं का? दोघींचं लग्न कायद्याला मान्य नाही हे समजलं. पण त्याची झळ मुलीला का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खरं आहे. शिवाय अम्माचा मुलीवर हक्क नाही तसा मुलीचाही अम्मावर नाही, आणि माझ्या मते जास्त नुकसान याच बाजूने होतं.

देशातली दत्तक प्रक्रिया ‘कारा’ या केंद्रीय यंत्रणेमार्फत चालते. तिच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे जोडप्याला मूल मिळतं ते किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं असेल तरच. एकट्या व्यक्तीला मात्र मूल दत्तक घेता येतं. बाईला मुलगा किंवा मुलगी कोणीही, पुरुषाला फक्त मुलगा. म्हणून दोघींपैकी एक जण ‘एकल’ म्हणून अर्ज करते. घराची पाहणी करायला कार्यकर्ती येते, तेव्हा दुसरीची ओळख काय म्हणून करून द्यायची हा पेच तिथूनच सुरू होतो.

हिंदू दत्तक कायद्याकडे वळलं तरी वाट सापडत नाही. 1956 च्या या कायद्यानुसार एकाच मुलाला दोन व्यक्तींनी एकाच वेळी दत्तक घेता येत नाही आणि एकदा दत्तक गेलेलं मूल पुन्हा दत्तक देता येत नाही. नवराबायकोला याची अडचण येत नाही, कारण नवऱ्याने दत्तक घेतलं की बायको कायद्यानेच आई ठरते. दुसरा पालक मिळतो तो असा, लग्नाच्या दारातून. 2021 च्या सरोगसी कायद्यातही विवाहित जोडपी आणि 35 ते 45 वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रिया सोडून बाकी कोणाला जागा नाही.

रोजच्या व्यवहारात हे कुठे अडतं? मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं आणि आई परगावी असेल, तर संमतीपत्रावर अम्माच्या सहीला पालकाची सही म्हणून किंमत नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. चांगला निर्णय, पण त्यातही दुसऱ्या आईला रकाना नाही. अम्मा मृत्युपत्र न करता गेली, तर तिचा फ्लॅट भावाकडे किंवा भाच्याकडे जाईल, मुलीकडे नाही. दोघींचं फाटलं तर मुलीला अम्माकडे पोटगी मागता येणार नाही, आणि अम्माला रविवारी भेटू द्या म्हणून पालकाच्या नात्याने कोर्टात उभंही राहता येणार नाही.

17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढच्या समलिंगी विवाहाच्या खटल्याचा निकाल लागला. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जणांचं एकमत झालं. दत्तकाबद्दल मात्र मतं फुटली. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी ‘कारा’ची विवाहाची अट घटनाबाह्य ठरवली, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांनी ती कायम ठेवली. तीन विरुद्ध दोन. गंमत अशी, की याच खटल्यात राष्ट्रीय बालहक्क आयोग अशा दत्तकाच्या विरोधात होता आणि दिल्लीचा बालहक्क आयोग बाजूने.

बहुमताचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. जोडपं मोडलं तर मुलाचा ताबा, पोटगी, वारसा यांचं संरक्षण विवाहाच्या कायद्यांत आहे. अविवाहित जोडप्यातून एक जण उठून गेला तर मूल उघड्यावर पडेल, अशी ती काळजी. पण मुळात लग्न करू द्यायचं नाही आणि मग लग्न नाही म्हणून संरक्षण नाही म्हणायचं, यात मुलाने काय करायचं? ते तर त्या घरात आत्ताच वाढतं आहे.

मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. या निकालाच्या दीडच महिना आधी, 1 सप्टेंबर 2023 ला, याच न्यायालयाने सांगितलं होतं की आईवडिलांचा विवाह कायद्याने अवैध ठरला तरी मुलांना एकत्र कुटुंबातल्या आईवडिलांच्या हिश्श्यात वाटा आहे. पोटगीच्या कायद्यातही औरस-अनौरस असा भेद नाही. म्हणजे पुरुष आणि स्त्रीच्या बाबतीत, मोठ्यांच्या लग्नातल्या दोषाची किंमत मुलाने मोजू नये, हे आपल्या कायद्याने कधीच पत्करलं आहे. दोन आयांच्या घरापाशी येऊन तो थबकतो.

अमेरिकेत 2015 ला समलिंगी विवाह देशभर मान्य झाला, तरी आर्कान्सा राज्य अडून बसलं होतं. तिथे दात्याच्या वीर्यापासून मूल झालं तरी जन्मदाखल्यावर आईच्या नवऱ्याचं नाव लागे, आईच्या बायकोचं लागत नसे. 2017 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो भेद रद्द केला.

आपल्याकडे 2024 पासून रेशनकार्डासाठी अशी जोडपी एका कुटुंबात धरा आणि बँकेत त्यांना संयुक्त खातं उघडू द्या, अशा केंद्राच्या सूचना आहेत. पण त्याने अम्मा पालक ठरत नाही.

तुमच्या शेजारणींनी आज करण्यासारखं एक काम आहे : दोघींनी मृत्युपत्र करावं. अम्माने मुलीच्या नावे काय ठेवायचं ते लिहावं. आईने, माझ्यामागे मुलीची पालक अम्मा असावी, असं स्पष्ट लिहावं. 1890 च्या पालक-पाल्य कायद्यानुसार पालक नेमताना न्यायालय मुलाचं हित पाहतं, पण मृत आईच्या इच्छेचाही विचार करतं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे करून ठेवावी. उद्या मामा-काका कोर्टात गेले, तर सही खरी की खोटी यावरच वर्षं जायला नकोत.