चंचल मूल : शिक्षा नव्हे, दीर्घकाळची साथ

वर्गात जागेवर बसत नाही, गृहपाठ अर्धवट सोडतो, पेन्सिली रोज हरवतो, दुसऱ्याचे बोलणे संपण्याआधीच उत्तर देतो, अशा तक्रारी घेऊन पालक बालमार्गदर्शन विभागात येतात. तोवर बहुधा बराच काळ लोटलेला असतो. मुलाने ‘द्वाड’, ‘आळशी’ ही विशेषणे पुष्कळ ऐकलेली असतात आणि आईने ‘तूच लाडावून ठेवलेस’ हा ठपका. म्हणूनच अवधानन्यूनता व अतिचंचलता, अर्थात ‘एडीएचडी’, या विकाराची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

सन १९०२ मध्ये लंडन येथे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही वर्तन आवरता न येण्याला त्यांनी नैतिक नियंत्रणातील दोष मानले. आजचे शास्त्र निराळे सांगते. हा विकार मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असून त्याचा संबंध मेंदूच्या विकासाशी आहे. सन २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की मेंदूच्या बाह्यावरणाच्या जाडीचा जो टप्पा इतर मुले साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास गाठतात, तो ही मुले साडेदहाच्या सुमारास गाठतात. विकासाचा क्रम तोच, गती मात्र मंद. हा विलंब लक्ष देणे व स्वतःला आवरणे यांच्याशी निगडित भागांत विशेष दिसला.

प्रत्येक खोडकर मूल रुग्ण नसते. लक्षणे बारा वर्षांच्या आतील असावीत, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली असावीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा अडथळा होत असावा, असा निकष आहे. श्रवण, दृष्टी, झोप व अध्ययन-अक्षमता यांचीही तपासणी व्हावी. दंगा न करणारी, खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी मात्र अनेकदा नजरेतून सुटते.

घरी पालकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. ‘दप्तर भर, बूट घाल, डबा घे’ असे एका दमात न सांगता, जवळ जाऊन एका वेळी एकच सूचना द्यावी.

२. उठणे, जेवण, अभ्यास व झोप यांच्या वेळा ठरवून तक्ता भिंतीवर लावावा.

३. अभ्यासाचे लहान भाग करावेत व मध्ये थोडे हिंडू द्यावे.

४. चांगल्या वर्तनाला तत्काळ शाबासकी द्यावी. आठवड्याने दिलेले बक्षीस लहान मुलाच्या उपयोगी पडत नाही.

५. मारू नये व भावंडांशी तुलना करू नये.

शिक्षकांनी अशा मुलास पुढच्या बाकावर बसवावे व फळा पुसणे, वह्या वाटणे अशी हालचालीची कामे द्यावीत. सहा वर्षांखालील मुलांत पालक-प्रशिक्षण हाच पहिला उपचार होय. मोठ्या मुलांत गरजेनुसार औषध दिले जाते. भूक, झोप, वजन व उंची यांवर लक्ष ठेवून ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

उपचारांच्या मर्यादेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. काटेकोर औषधयोजना असलेल्या मुलांत, तसेच औषध व वर्तनोपचार यांची जोड मिळालेल्या मुलांत, चौदा महिन्यांत लक्षणे अधिक कमी झाली. परंतु तो सघन उपचारक्रम संपल्यानंतर, तिसऱ्या वर्षाअखेर, निरनिराळ्या उपचारगटांतील फरक उरला नाही. यातून निराश होण्याचे कारण नाही, कारण सर्वच गटांतील मुले पूर्वीपेक्षा सुधारलेली होती. बोध एवढाच, की हा काही दिवसांत संपणारा औषधांचा कोर्स नव्हे. इयत्ता बदलते, शिक्षक बदलतात, पौगंडावस्था येते आणि प्रत्येक वळणावर मदतीचे स्वरूप नव्याने ठरवावे लागते.

पुष्कळांत काही लक्षणे प्रौढपणीही राहतात. तरीही स्वतःच्या स्वभावाची जाण, आवडीचे काम व विश्वासाचे एखादे माणूस लाभले, तर अशी मुले शिक्षण पुरे करतात, व्यवसायात स्थिरावतात व संसार सांभाळतात. म्हणून धर्मादाय रुग्णालयात अशा मुलाच्या पहिल्या तपासणीइतकेच मोल त्याच्या दहाव्या, विसाव्या भेटीचे आहे. गरीब पालकाला त्या भेटीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. तो पुन्हा येऊ शकला, तरच उपचार पुढे चालतो. दात्यांच्या साहाय्याचे खरे सार्थक येथेच आहे.