फाशीची शिक्षा : खर्च आणि सामाजिक मूल्य

गंभीर गुन्हेगाराला जन्मभर तुरुंगात पोसण्यापेक्षा फाशी देणे शासनाला स्वस्त पडते, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. दिल्लीतील निर्भया प्रकरणाच्या आधारे तो तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रक्रियेची वाटचाल

१६ डिसेंबर २०१२ रोजी घडलेल्या या गुन्ह्यात साकेत येथील जलदगती न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१३ रोजी चौघांना मृत्युदंड ठोठावला. मार्च २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने व मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. पुढे पुनर्विचार याचिका व राष्ट्रपतींकडे दयेचे अर्ज झाले. चार वेळा डेथ वॉरंट निघाल्यानंतर २० मार्च २०२० रोजी तिहार कारागृहात अंमलबजावणी झाली. जलदगती न्यायालयाच्या निकालानंतरही साडेसहा वर्षे लागली.

खर्च कोठे होतो?

प्रत्यक्ष फाशीचा खर्च अल्प असतो. खरा खर्च प्रक्रियेवर होतो. सत्र न्यायालयाने दिलेल्या मृत्युदंडाला उच्च न्यायालयाची पुष्टी अनिवार्य आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ नुसार मोफत विधी साहाय्य, तसेच अनुच्छेद ७२ व १६१ नुसार दयेच्या अर्जाची छाननी हेही या प्रक्रियेचे भाग होत. या काळात कैद्याची देखभाल चालूच असते. हा खर्च पोलीस, न्यायालये, विधी सेवा व कारागृहे यांत विभागला जात असल्याने एकत्रितपणे दिसत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याविषयीच्या २०११ च्या एका अभ्यासानुसार, १९७८ पासून मृत्युदंडाच्या व्यवस्थेवर सुमारे ४ अब्ज डॉलर खर्च झाले. प्रत्यक्षात शिक्षा अमलात आली ती केवळ १३ जणांच्या बाबतीत.

मग प्रक्रियाच आखूड का करू नये? कारण ही शिक्षा मागे घेता येत नाही. निर्दोष व्यक्तीचा बळी जाऊ नये, यासाठी मोजलेली ती किंमत आहे.

समाजाला लाभ कोणता?

बच्चनसिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंड ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरता मर्यादित केला. विधी आयोगाने १९६७ च्या ३५ व्या अहवालात ही शिक्षा कायम ठेवण्याची शिफारस केली होती. २०१५ च्या २६२ व्या अहवालात मात्र, जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक अधिक असल्याचे सिद्ध होत नाही, असे नमूद करून दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध यांखेरीज अन्य गुन्ह्यांसाठी ती रद्द करण्याची शिफारस करण्यात आली. अर्थात, पीडितांच्या कुटुंबीयांची न्यायाची अपेक्षा पैशांत मोजता येत नाही, हेही तितकेच खरे.

समारोप

सारांश, काटकसर हा फाशीच्या समर्थनाचा आधार ठरू शकत नाही. तिचा विचार न्याय, प्रतिबंध व चुकीची शक्यता या निकषांवरच व्हावा. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चिती गुन्हेगारास अधिक रोखते, हे लक्षात घेता सक्षम तपास, पुरेसे न्यायाधीश आणि सुरक्षित सार्वजनिक वाहतूक यांवरील खर्च समाजाला अधिक फलदायी ठरेल.