आधी माती बघ, मग दाते मोज

डर्ट बाइकचं गिअरिंग बदलायला पोरगा गॅरेजात आला की आमचे जुने मिस्त्री त्याला आधी विचारायचे, ‘गाडी कुठल्या वळणावर मरते?’ तोच प्रश्न मी तुला विचारतो. सरळ पट्ट्यावर गाडी चार-पाच किलोमीटरनं जास्त पळाली म्हणून मातीतली शर्यत सहसा कोणी जिंकत नाही. वळणातून निघताना मागचं चाक माती धरतं का, उडीच्या आधी गाडी वेळेत उचलते का, यावर सगळं ठरतं. दाते निवडायचे ते त्या वळणासाठी.

हिशेब तोंडपाठ हवा. मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांना पुढच्या स्प्रॉकेटच्या दात्यांनी भाग. पुढे १३ आणि मागे ५० असतील तर उत्तर येतं ३.८५. हा आकडा वाढला की गाडीचा पिकअप वाढतो आणि टॉप स्पीड घटतो. कमी झाला की उलट. मागे एक दाता वाढवलास तर फरक पडतो दोन टक्क्यांचा. पुढचा एक कमी केलास तर फरक आठ टक्क्यांचा. १३-५० चं १२-५० केलं की आकडा थेट ४.१७ वर जातो. पुढचं १३ तसंच ठेवून हेच साधायचं तर मागे ५४ दाते लागले असते. म्हणजे ज्या गिअरला गाडी ताशी शंभरनं जायची, तिथे तेवढ्याच आरपीएमला ती ९२ नं जाईल. म्हणून पुढच्या स्प्रॉकेटला हात लावायचा तो मोठा बदल हवा असेल तेव्हाच. बारीक जुळणी मागे कर, आणि एका वेळी एकच दाता बदल.

वळणात गिअर कोणता हवा, ते आधी ठरव. नेहमीची तक्रार असते: ‘काका, सेकंडला किंचाळते आणि थर्ड टाकला की दबते.’ यावर इलाज दोन आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. वळणातून थर्डवर निघायचं असेल तर मागे एक दाता वाढव, म्हणजे थर्ड खालूनच उचलेल. सेकंड पुढच्या उडीपर्यंत पुरवायचा असेल तर एक दाता कमी कर. दर वळणात क्लच अर्धा दाबून गाडी ओढावी लागत असेल, तर दाते कमी पडताहेत. सारखे गिअर बदलावे लागतात, मागचं चाक जागेवरच फिरतं, थ्रॉटल जरा दिला तरी गाडी दचकते, असं असेल तर दाते जास्त झालेत. २५० सीसी फोर-स्ट्रोकची ताकद वरच्या आरपीएमला असते, तिला मागे एखादा दाता जास्त मानवतो. ४५० ला खालूनच इतका जोर असतो की एक दाता कमी केल्यावर ती जास्त शहाण्यासारखी वागते.

माती हातात घेऊन बघ. नदीची खोल वाळू आणि पावसातली काळी चिकट माती चाकाला धरून ठेवते. तिथे मागे एक-दोन दाते वाढव. उन्हात भाजलेला कडक मुरूम आणि त्यावर बारीक खडी असेल तर चाक सुटतं. तिथे एक दाता कमी केलास तर ताकद सौम्यपणे उतरते आणि पकड राहते. जांभ्याच्या वाटांवर, दगडाधोंड्यांतून चालण्याच्या वेगानं गाडी काढायची असेल, तर पुढे एक दाता कमी करणं हा सरळ उपाय. स्टेडियमच्या ट्रॅकची रीत आणखी वेगळी. २८ जानेवारी २०२४ ला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. असल्या ट्रॅकवर वळण संपतं न संपतं तोच उडी येते. वेग घ्यायला जागा नसते, म्हणून पिकअप हवा. राजस्थानातल्या रॅलीत लांबच लांब मोकळे पट्टे मिळतात. तिथे तेच दाते इंजिनला उगाच किंचाळत ठेवतील. हिमालयात हवा विरळ असते. साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी उतरते, म्हणून तिकडे निघण्याआधी मागे दाते वाढव.

चाक सरकतं, हे विसरू नकोस. चेन तीच ठेवून मागे एक दाता वाढवलास की चेन ताणली जाते आणि एक्सल सुमारे चार मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो. दोन चाकांमधलं अंतर तेवढं कमी होतं. गाडी वळणात चटकन झुकते, सरळ वेगात जरा चंचल होते. पुढचा दाता कमी केला तर एक्सल उलटा मागे जातो. गाडी अचानक वेगळी का वळायला लागली, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. चेनची लांबी अशी ठेव की तुझं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं मागचं स्प्रॉकेट, दोन्ही अॅडजस्टरच्या खाचेत बसतील.

पुढे फार लहान जाऊ नकोस. १२ दात्यांवर चेन जास्त वाकते, लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरचं रबर घासते. गाडी ट्रॅकवर पळवायची असेल आणि पुढच्या स्प्रॉकेटला जागा असेल तर १४-५४ लाव. आकडा १३-५० इतकाच येतो आणि चेन सुखात फिरते. १३ च्या बाजूनंही मात्र एक जुनी खूण आहे: चेनच्या लिंका नेहमी सम असतात, म्हणून पुढे १३ असले की प्रत्येक दाता आळीपाळीनं प्रत्येक लिंकेला भेटतो आणि झीज सारखी पसरते.

चेन आणि स्प्रॉकेट एकाच मापाचं हवं. मोठ्या डर्ट बाइकला बहुधा ५२० ची चेन असते, तिच्या दोन पिनांतलं अंतर १५.८७५ मिलिमीटर. आपल्याकडच्या लहान गाड्यांना ४२८ ची, तिचं अंतर १२.७. दात्यांचा आकडा जुळला म्हणून एकीचं स्प्रॉकेट दुसरीला चालत नाही. ५२० च्या नव्या चेनच्या वीस लिंका ३१७.५ मिलिमीटर भरतात. त्याच ३२३ भरायला लागल्या की चेन संपली. दाते हुकासारखे वाकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदल. जुनी चेन नवे दाते खाते. सरावाला स्टीलचं मागचं स्प्रॉकेट वापर. अॅल्युमिनियमचं हलकं असतं, पण लवकर झिजतं.

बसवताना घाई नको. चेनलॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला ठेव. मागच्या बोल्टांना थ्रेडलॉक लाव, ते समोरासमोरचे आवळ आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपास. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ होते; त्या क्षणीही ती थोडी सैल राहायला हवी. नाहीतर उडीवरून उतरताना गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर मार बसतो.

शेवटी घड्याळ लाव. दाते बदलण्याआधी टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि ब्रेक मोकळा आहे का, हे तपास. दबलेल्या गाडीचं कारण पुष्कळदा तिथेच असतं. मग एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर, मागचा एक दाता वाढवून आणि एक कमी करून प्रत्येकी काही फेऱ्या मार. वहीत तारीख, माती, हवा, दाते, कुठल्या वळणाला कुठला गिअर आणि फेरीची वेळ लिही. दाते वाढवले की इंजिन जास्त ओरडतं आणि गाडी पळतेय असं वाटतं. वाटण्यावर जाऊ नकोस. ज्या दात्यांवर वेळ कमी आली आणि शेवटच्या फेरीपर्यंत हात दुखले नाहीत, ते गाडीला लाव.