माळ्यावरची बंदूक

जुन्या लष्करी बंदुकीला नवे रूप द्यायची हौस आमच्या वऱ्हाडातही येऊन पोहोचली आहे. मला या हौसेची काळजी वाटते. ती चुकीच्या वाटेने गेली की काय होते, हे मी घरातच पाहिले आहे.

इकडे अशा बंदुकांबद्दल ओढ असणे साहजिक आहे. तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला 29 नोव्हेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने भोसले-शिंद्यांना हरवले आणि 15 डिसेंबरला गाविलगडचा किल्ला घेतला. त्यामुळे अकोटकडच्या वाड्यात ठासणीची बंदूक निघाली, की ती अडगावच्या लढाईतलीच असे सांगतात. पुष्कळदा ती आजोबा-पणजोबांची, शेतराखणीची असते.

माझ्या मामेभावाच्या माळ्यावर अशीच एक निघाली. परवाना आजोबांच्या नावाचा होता, त्यांच्या पश्चात कोणी बदलून घेतला नव्हता. त्याच्या मुलाने मोबाइलवर परदेशी कारागिरांचे व्हिडिओ पाहिले होते. "काकाजी, नळी थोडी कापली तं थे तीनशे तीनसारखी दिसन," असे तो मला म्हणाला. नको म्हणून मी त्याला बजावले. तरी त्याने एका लेथवाल्याकडून नळी कापून घेतली, गंजाने बुजलेला कान (दारू पेटवायचे छिद्र) मोकळा करवला आणि दस्त्यालाही पॉलिश मारून घेतले. पुढे पोलीस आले, बंदूक जप्त झाली. आता बापलेक अकोल्याच्या कोर्टाच्या तारखा करतात.

कायद्याची मेख नीट समजून घ्या. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये जुन्या बंदुकांना सूट आहे, पण ती दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही अशाच बंदुकीला. म्हणजे दुरुस्तीने जी चालू शकते, ती बंद पडलेली असली तरी परवान्याचेच शस्त्र ठरते. निकामी कोणती, हे आपण ठरवायचे नसते, ते तज्ज्ञ तपासून सांगतो. परवान्याशिवाय शस्त्र दुरुस्त करणे कलम 5 मध्ये येते. नळी आखूड करणे किंवा खोट्या बंदुकीची खरी करणे हे कलम 6 मध्ये. 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे कैद, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. लेथवालाही त्यातून सुटत नाही.

जिवाचा धोका त्याहून मोठा. ठासणीच्या नळीचे लोखंड काळ्या दारूसाठी घडवलेले असते. आजच्या काडतुसातल्या दारूचा दाब ते सोसत नाही, नळी चेहऱ्याजवळच फुटते. शिवाय कुणीतरी ठासून ठेवलेली दारू तशीच आत असू शकते. अशा नळीला गॅस किंवा ड्रिल लावणे म्हणजे मरण ओढवून घेणे.

लष्करी घाटाची रायफल खरोखरच हवी असेल त्याला सरळ वाट आहे. 'तीनशे तीन', म्हणजे लष्करी ली-एनफील्डचा .303 हा बोअर, सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. पण त्याच ली-एनफील्डच्या घडणीवर ईशापूरच्या सरकारी कारखान्याने .315 बोअरची रायफल परवानाधारकांसाठी काढली. आणि निव्वळ इतिहासाची आवड असेल तर सुताराकडून सागवानी प्रतिकृती करून घ्या. अडगावला ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांकडे असलेल्या मस्केटची नळी 39 इंच, तोंड पाऊण इंचाचे. पोकळ लोखंडी नळी न घालता, सगळीच लाकडाची करा. मी शाळेसाठी करवून घेतली आहे. पोरे ती खांद्यावर घेतात तेव्हा शिपाई काय वागवत होता ते त्यांना कळते.

खरी बंदूक घरात निघालीच, तर तिला घासू नका, तेल लावू नका, चाप ओढून पाहू नका. आहे तशी तिची छायाचित्रे काढा, जुना परवाना शोधा आणि गावच्या ठाणेदारांना भेटून ती रीतसर जमा करा. वारसाचा परवाना मागायचा की पुराणवस्तू म्हणून तपासून घ्यायची, ते त्यानंतर पाहा.