मोकळी झालेली पाठ आणि न भरलेले हाड

दीर्घ अंतर धावणाऱ्या व्यक्तीच्या पाठदुखीत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे झटपट मिळणारा आराम होय. कारण वेदना उतरली की सराव चालू राहतो, आणि मूळ दुखापत हाडाची असेल तर चालू राहिलेल्या सरावाने ती भरून येण्याऐवजी वाढत जाते. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे कण्याच्या सांध्यांना हाताने नेमका आणि झटकन दाब देऊन त्यांची हालचाल मोकळी करण्याची पद्धत, मोठ्या शहरांतील धावपटूंमध्ये गेल्या काही वर्षांत परिचित झाली आहे. शरीराची ठेवण, ज्याला व्यायामशाळेपासून कार्यालयापर्यंत सर्वत्र ‘पोश्चर’ म्हटले जाते, ती सुधारली की दुखापती टळतील, ही समजूतही तिच्याबरोबर रुजली आहे. या दोन्ही गोष्टींना धावपटूच्या आयुष्यात जागा आहे; मात्र ती जागा किती आणि कोणत्या क्रमाने, याचा विचार झाला नाही तर काय घडते, हे एका अनुभवाच्या आधारे पाहता येते.

त्या अनुभवाकडे वळण्यापूर्वी या पद्धतीचा उगम लक्षात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या गावी डॅनिएल डेव्हिड पामर यांनी 1895 च्या सप्टेंबरमध्ये हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीच्या मणक्यावर दाब दिला, त्यामुळे त्याचे कमी झालेले ऐकू येणे सुधारले असा दावा केला, आणि 1897 मध्ये या पद्धतीचे शिक्षण देणारी शाळा काढली. मणके किंचित जागचे हलल्याने मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा येतो आणि बहुतेक रोग त्यातूनच उद्भवतात, असे त्यांचे प्रतिपादन होते; अशा कल्पित सरकण्याला या व्यवसायात ‘सबलक्सेशन’ म्हणतात. हा सिद्धांत पुढील संशोधनात टिकला नाही. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच 2010 मध्ये असे स्पष्ट केले की, ही संकल्पना ऐतिहासिक असून ती रोगाचे कारण असल्याचा दावा करण्याइतका वैद्यकीय पुरावा उपलब्ध नाही.

सिद्धांत टिकला नाही म्हणून हाताने केलेला उपचार सर्वस्वी निरुपयोगी ठरत नाही, हेही तितकेच खरे आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये कंबरदुखीसाठी औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक, मसाज आणि व्यायाम यांच्याबरोबर कण्यावरील हस्तोपचाराचाही समावेश आहे. त्याचा लाभ साधारणपणे माफक असतो, आणि तो साध्या, म्हणजे कोणत्याही गंभीर कारणाविना उद्भवलेल्या कंबरदुखीपुरता असतो. दाब देताना येणारा ‘कट्’ असा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्याचे पृष्ठभाग एकदम दूर होताच त्यांच्यामधील वंगणद्रवातील दाब उतरतो आणि तेथे वायूची पोकळी निर्माण होते. बोटे मोडताना येणारा आवाजही याच जातीचा असून बोटाच्या सांध्यातील ही क्रिया 2015 मध्ये एमआरआयच्या साहाय्याने प्रत्यक्ष पाहिली गेली. दाबानंतर स्नायू काही काळ सैल पडतात, हालचाल सुलभ वाटते आणि पाठ मोकळी झाल्याचा अनुभव येतो. हा अनुभव खोटा नसतो, परंतु दुखण्याचे कारण दूर झाले की नाही, याविषयी तो काहीही सांगत नाही.

येथे विचारात घेतलेला अनुभव पुण्यातील कार्यालयीन नोकरी करणाऱ्या एका मध्यमवयीन धावपटूचा आहे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातून चढून त्याच वाटेने उतरणारी अर्धमॅरेथॉन हे त्याचे उद्दिष्ट होते, आणि त्यासाठी त्याने पावसाळ्याच्या सुरुवातीलाच सपाट रस्त्यावरील सराव सोडून बोपदेव घाटातील चढ-उतार सुरू केले. आठवड्याचे एकूण अंतर वाढवणे, घाटातील उतार वेगाने उतरणे आणि जुने बूट बदलून पातळ तळाचे बूट घेणे, हे तिन्ही बदल त्याने एकाच सुमारास केले. त्यातच वजन उतरावे म्हणून रात्रीचे जेवण जवळजवळ बंद केले आणि श्रावणातील उपवासही नेहमीप्रमाणे पाळले. कमरेखाली एका बाजूला, कुल्ल्याच्या आतल्या भागात दुखू लागले तेव्हा घरच्यांनी उसण भरली असेल म्हणून शेक दिला, तर सोबत धावणाऱ्यांनी दिवसभर खुर्चीत बसण्याला दोष देऊन पाठ ‘सेट’ करून घेण्याचा सल्ला दिला.

ज्या केंद्रात तो गेला तेथे उभ्याने एक्स-रे काढून त्यावर रेषा आखण्यात आल्या, ओटीपोटाचे हाड कलले असून एक पाय किंचित आखूड असल्याचे सांगण्यात आले, आणि आगाऊ पैसे भरून घ्यावयाची अनेक बैठकांची योजना पुढे ठेवण्यात आली. सराव कोणत्या आठवड्यात किती वाढला, आहार कसा आहे, एका पायावर उडी मारल्यास दुखते का, यांपैकी काहीही विचारले गेले नाही. प्रत्येक बैठकीनंतर दुखणे काही तास कमी होई, त्या उसंतीत तो पुन्हा धावत असे, आणि दुखणे आधीपेक्षा लवकर परत येई. अखेरीस चालतानाही लंगडणे सुरू झाल्यावर तो क्रीडावैद्यक तज्ज्ञाकडे गेला, आणि एमआरआयमध्ये त्रिकास्थीचे स्ट्रेस फ्रॅक्चर असल्याचे निष्पन्न झाले. त्रिकास्थी म्हणजे कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर असलेले त्रिकोणी हाड. धावताना धडाचा भार याच हाडातून दोन्ही पायांकडे वाटला जातो.

स्ट्रेस फ्रॅक्चर ही एखाद्या पडण्याने झालेली मोडतोड नसते. वाढलेल्या भाराला जुळवून घेताना हाडातील जुना भाग आधी काढला जातो आणि नवा भाग नंतर भरला जातो; या दोन क्रियांमधील अंतर भरून निघण्याआधीच पुन्हा तोच भार पडत राहिला, तर हाडात सूक्ष्म भेगा साठत जातात. शरीराला पुरेशी ऊर्जा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिळत नसेल तर भरण्याचे काम आणखी मागे पडते, आणि स्त्री-धावपटूंमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे हा याच कमतरतेचा महत्त्वाचा इशारा असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये अशी भेग बहुधा दिसत नाही, आणि त्रिकास्थीच्या बाबतीत तर दुखण्याची जागा सायटिका किंवा साध्या कंबरदुखीशी इतकी मिळतीजुळती असते की मुद्दाम शंका घेतल्याखेरीज निदान हुकते. अशा हाडाला दाबाची नव्हे तर भारापासून सुटकेची गरज असते. म्हणून त्या धावपटूच्या बाबतीत प्रत्येक बैठकीने मिळालेला आरामच दुखापत लांबवणारा ठरला, तर धावणे पूर्ण थांबवून, आहार सुधारून आणि वेदनारहित चालण्यापासून हळूहळू भार वाढवून काही महिन्यांत तो पूर्ववत झाला.

या अनुभवातून निघणारा पहिला निष्कर्ष असा की, दुखण्याचे कारण प्रथम भारात शोधावे आणि मगच ठेवणीत. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट बल परत येते, आणि एका तासात अशी हजारो पावले पडतात. त्यामुळे गेल्या चार ते सहा आठवड्यांत अंतर, वेग, चढ-उतार, पृष्ठभाग किंवा बूट यांपैकी काय बदलले, याची नोंद कोणत्याही तपासणीइतकीच बोलकी असते. हे बदल एका वेळी एकच करावेत. विशेषतः उताराचा सराव चढाच्या सरावापेक्षा सावकाश वाढवावा, कारण उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला रोखून धरतात आणि त्यांची झीज अधिक होते. पायांच्या लांबीत काही मिलिमीटरचा फरक बहुतेक निरोगी माणसांत आढळतो, तेव्हा एक्स-रेवर आखलेली तिरकी रेषा हे दुखण्याचे स्पष्टीकरण म्हणून लगेच स्वीकारू नये.

ठेवणीविषयीचा आग्रहही प्रमाणात असावा. एमिल झातोपेक यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या, त्या मान हेलकावत आणि चेहरा पिळवटत धावण्याच्या शैलीने. पॉला रॅडक्लिफ यांनी 2003 मध्ये लंडनला 2 तास 15 मिनिटे 25 सेकंदांचा विश्वविक्रम केला, तोही डोके सतत हलवत. सर्वांना लागू पडेल अशी एकच आदर्श ठेवण नाही, हे यातून उघड होते. तथापि काही गोष्टी बहुतेकांना उपयोगी पडतात. पुढे झुकणे घोट्यापासून, सबंध शरीराचे आणि अगदी थोडे असावे. कमरेत वाकून झुकल्यास, विशेषतः चढावर, पाठीच्या स्नायूंवर अकारण ताण येतो. नजर पायांकडे न ठेवता काही मीटर पुढे ठेवावी, खांदे कानांकडे चढू देऊ नयेत, आणि पाऊल शरीराच्या फार पुढे टाकू नये, कारण लांब टाकलेले पाऊल प्रत्येक वेळी वेगाला लगाम घालते आणि तो धक्का गुडघ्यात व खुब्यात जिरतो.

हे शेवटचे साधण्याचा सोपा मार्ग म्हणजे वेग तोच ठेवून पावलांची संख्या किंचित वाढवणे, आणि पाच ते दहा टक्क्यांच्या वाढीने गुडघ्यावरील व खुब्यावरील भार कमी होतो असे अभ्यासांत दिसून आले आहे. अर्ध्या मिनिटात उजवे पाऊल किती वेळा टेकते ते मोजून त्याला चाराने गुणल्यास मिनिटातील पावले मिळतात. ती 160 असतील तर 168 पर्यंतची वाढ पुरेशी असते, आणि सर्वांनी 180 गाठलीच पाहिजेत असा नियम नाही. खुर्चीतील ठेवणीबाबतही ताठ बसण्याच्या अट्टहासापेक्षा अधूनमधून उठणे अधिक हितकारक आहे. यांहून मोलाचे म्हणजे आठवड्यातून दोनदा पोटरी, मांडी, कुल्ले आणि पाठ यांचे वजनासह केलेले व्यायाम होत. ठेवण टिकवण्याचे काम शेवटी स्नायूंनाच करावे लागते, आणि दमलेल्या स्नायूंना आरशासमोर शिकलेली ठेवण अखेरच्या किलोमीटरमध्ये सांभाळता येत नाही.

ज्यांना साध्या, जाणकाराने तपासलेल्या कंबरदुखीसाठी हस्तोपचार घ्यावयाचा असेल त्यांनी तो व्यायामाला पूरक म्हणून आणि मर्यादित काळासाठी घ्यावा. काही मोजक्या बैठकांनंतरही धावण्याच्या क्षमतेत फरक पडला नाही तर निदानाचाच फेरविचार करावा. मानेला झटका देणाऱ्या प्रकाराबाबत अधिक सावध राहणे योग्य ठरते. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या अस्तराला चीर पडणे आणि मानेवरील असा उपचार यांचा संबंध आढळत असल्याने त्याची माहिती रुग्णाला आधी द्यावी, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 मध्ये नमूद केले आहे. असे प्रसंग दुर्मीळ असले तरी मानेत अचानक वेगळ्याच प्रकारची तीव्र वेदना, चक्कर, दोन-दोन दिसणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काही असल्यास मानेला हात लावू न देता तातडीने रुग्णालय गाठावे.

भारतात कायरोप्रॅक्टिक व्यवसायाची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, तर फिजिओथेरपीचा समावेश राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, 2021 मध्ये आहे. म्हणून उपचार करणाऱ्याचे शिक्षण कोठे आणि किती वर्षांचे झाले, हे विचारणे हा उद्धटपणा नसून आवश्यक दक्षता आहे. सरावाचा इतिहास न विचारता उपचार सुरू करणारा, प्रत्येक दुखण्याचे कारण सरकलेल्या मणक्यात शोधणारा, आणि तपासणीआधीच दीर्घ मुदतीची योजना विकणारा, अशा तिघांपासूनही धावपटूने दूर राहावे. एका पायावर उडी मारताना बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखणे, जांघेत भार पडताच कळ येणे, विश्रांतीतही किंवा रात्री दुखणे, ही हाडाच्या दुखापतीची लक्षणे समजून धावणे त्या दिवसापासून थांबवावे आणि एमआरआयची गरज डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. पायातील शक्ती जाणे, बसताना टेकणाऱ्या भागात बधिरता येणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ही तर आणीबाणीची लक्षणे होत. उपचाराची कसोटी टेबलावरून उठताना पाठ किती हलकी वाटली ही नसून, दुसऱ्या दिवशी आणि त्यापुढील आठवड्यात तेवढाच भार वेदनेविना पेलता आला की नाही ही आहे. आणि ही कसोटी लावण्यासाठी धावपटूला सरावाच्या प्रामाणिक नोंदीखेरीज दुसरे कोणतेही साधन लागत नाही.