बोल्ट नव्हे, भिंत मोजा

ॲल्युमिनियमच्या सेक्शनला टॅप मारून त्यावर वजन टांगणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: बोल्टवर जाऊ नका, तो ज्यात बसतो त्या भिंतीची जाडी मोजा. आमच्या वर्कशॉपमध्ये एका सभागृहातलं दिव्याचं ब्रॅकेट दुरुस्तीला आलं होतं. २ मिलिमीटर जाडीच्या सेक्शनमधून एम-४चे बोल्ट उपटून निघाले होते. खाली खुर्च्या होत्या, पण सुदैवाने त्या वेळी माणसं नव्हती. बोल्ट अगदी शाबूत होते. डोक्यावर ८.८ स्पष्ट दिसत होतं आणि आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार अडकली होती.

८.८चा एम-४ बोल्ट ओढून तोडायला सुमारे ७००० न्यूटन, म्हणजे ७०० किलोंचा जोर लागतो. पण इथे सोलले गेले ते ॲल्युमिनियमचे आटे, आणि हिशोब त्यांचाच करायला हवा. ३.१४ गुणिले बोल्टचा व्यास गुणिले आट्यांची पकड: ३.१४ × ४ × २, साधारण २५ चौरस मिलिमीटर. आट्यांमधल्या फटी आणि तोंडाशी अर्धवट राहिलेला आटा वजा जाता मी ६० टक्केच धरतो, म्हणजे १५. सेक्शनसाठी सर्रास वापरतात त्या ६०६३-टी५ची शिअर ताकद चौरस मिलिमीटरला ११५ न्यूटनच्या आसपास. गुणाकार येतो सतराशे. बोल्टच्या ताकदीचा जेमतेम चौथा हिस्सा!

खरा धोका तर वजन टांगण्याआधीच, बोल्ट आवळताना असतो. या बोल्टला एरवी ३ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतात. बोल्ट कोरडा असेल तर हे आटे १.४लाच जातात. सहा सेंटीमीटरच्या ॲलन कीच्या टोकाला अडीच किलोंचा जोर पुरतो, मनगटाला तो जाणवतही नाही. त्यातून आटा पुरता गेला नाही, नुसता ताणला गेला, तर बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि पुढे कधीतरी दगा देतो.

ॲल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट ते दुप्पट पकड ठेवा. एम-४ला ६ ते ८ मिलिमीटर. भिंत पातळ असेल तर आतून नट लावा किंवा रिव्हेट नट बसवा. बोल्ट वरचेवर काढायचा असेल तर हेलिकॉइल घाला. त्याच सेक्शनच्या तुकड्यावर आटे जाईपर्यंत टॉर्क देऊन बघा आणि प्रत्यक्ष कामात त्याच्या निम्म्यावर थांबा. माणसांच्या डोक्यावर काही टांगत असाल, तर आटे कितीही चांगले असोत, वेगळ्या आधाराला बांधलेली सेफ्टी वायर लावल्याशिवाय शिडीवरून उतरू नका.