पडद्यावरचा कॅल्क्युलेटर कितपत वापरावा?

प्रश्न : मी ‘कॅट’ची तयारी करतोय. परीक्षेत पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो म्हणे. मग पाढे, वर्ग पाठ करायची गरज उरते का? – एक वाचक, मेहकर (ता. भालकी, जि. बीदर)

उत्तर : मिळतो, 2015पासून मिळतो. पण तो दुकानातल्या गल्ल्यावर असतो तसा साधा आहे. ‘गेट’मधल्यासारखी लॉग, साइनची बटणे त्यात नाहीत. शिवाय तो माउसने चालवावा लागतो, आणि वेळ तिथेच जातो. 17 × 19 साठी सहा टिचक्या लागतात. 18 चा वर्ग 324, त्यातून 1 वजा, 323, हे डोक्यात त्याआधी होते. गणिताच्या विभागाला जेमतेम 40 मिनिटे असतात.

दुसरा धोका क्रमाचा. 12 + 8 × 5 चे उत्तर 52. साधा कॅल्क्युलेटर मात्र बटणे दाबाल त्या क्रमाने हिशोब करतो आणि 100 दाखवतो. आधी गुणाकार करा, मग 12 मिळवा. (पर्यायांत 100 हमखास असतो, असे समजूनच चाला!)

त्याचा खरा उपयोग तक्त्यांवरच्या प्रश्नांत, जिथे 3847 ला 5213 ने भागायचे असते. तिथेही पर्याय लांबलांबचे असतील तर अंदाज पुरतो.

तेव्हा 30 पर्यंतचे वर्ग आणि 20 पर्यंतचे पाढे सोडू नका. ‘जेईई मेन’ देणारे भावंड घरात असेल तर त्यालाही सांगा, तिथे कॅल्क्युलेटर नाहीच. सरावचाचणी मोबाइलवर नको. भालकीत किंवा बीदरला संगणक मिळेल तिथे माउस धरून द्या.